ओलं पोतं

कवडू नारनवरेची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या हातात कुऱ्हाड होती आणि माझ्या हातात मोजणीची तिपाई. तो असा ओरडला की कन्हान नदी क्षणभर उलटी वाहिली, खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्यांनी धूर परत गिळला आणि नागपुरात सदरला आमच्या ऑफिसात चहा पिणाऱ्यांच्या बशा वाजल्या. माणूस सव्वापाच फूट. मिशा उभ्या केल्या की पावणेसहा.

“खदानवाले हाये ना बे तुमी?”

“नाही हो, आम्ही जमीन मोजायला आलो आहोत. खचते का ते बघायला.”

“खचते का?” त्याने कुऱ्हाड खाली टाकली आणि माझा हात धरून मला थेट स्वयंपाकघरात नेलं. भिंतीत चुलीपासून देवाच्या फोटोपर्यंत भेग होती. भेगेवर त्याने दिनदर्शिकेची रोजची पानं खळीने चिकटवली होती. भेग वाढली की पान फाटायचं. “पाहा, एकादशी फाटली. चतुर्थी फाटली. रामनवमी तं दोनदा चिकटवली. आनखी काय मोजता?”

गावाखाली कोळशाची खाण होती. खाणवाले म्हणत, भेगा काळ्या मातीच्या आहेत, ती उन्हाळ्यात उकलतेच. गाव म्हणे, जमीन बसते आहे. जमीन बसते हे सिद्ध झालं तर अख्ख्या गावाला दुसरीकडे घरं मिळणार होती. निर्णय जुलैच्या सरकारी बैठकीत होता. कवडूची बायको देवकी दोन वर्षांपासून ओसरीवर झोपत होती.

आमच्या श्वेता मॅडमनी त्या पट्ट्यात तीस यंत्रं बसवली. सिमेंटचा खांब, त्यावर उपडा ठेवलेला पांढरा वाडगा. तो वाडगा आभाळातल्या उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा ठरवतो, केसाएवढा हलला तरी चुगली करतो. पूर्वी अशी यंत्रं साठ-सत्तर किलोमीटरवर एक असायची, कवडूची भेग त्यांच्या गावीही नसती. आता दर दीड किलोमीटरला एक. गावाच्या वाट्याचं एकच, ते कवडूच्या अंगणात आलं आणि राखणदारीही त्याच्याकडेच. तो वीज केंद्रातून निवृत्त झालेला, त्याला यंत्राशी वागायची सवय होती.

मॅडमनी त्याला समजावलं की एरवीही आपला सगळा देश दरवर्षी अडीच बोटं ईशान्येकडे सरकतो.

“तिकडं काय हाये?”

“हिमालय.”

“ऐकलं का वं?” त्याने आत हाक मारली. “स्वेटर काढून ठेव.”

“आधी भिंतीचं पाहा जी,” आतून उत्तर आलं. “हिमालयाचं माहं मी पाहीन.”

हिवाळाभर आकडे छान आले. जमीन थोडी थोडी बसत होती. पण अजून इतकी नाही की बैठकीत मान्य होईल. खरा कस उन्हाळ्यात, कारण खाणीतलं पाणी तेव्हाच उपसतात आणि जमीन जास्त बसते.

आणि उन्हाळ्यात आकड्यांत कवडूचं अंगण उडू लागलं. रोज दुपारी बाराच्या सुमारास ते वर उसळायचं आणि संध्याकाळी परत बसायचं. शेजारची यंत्रं दगडासारखी गप्प. मे महिन्यात मॅडमनी ते आकडे उघडले आणि चार दिवस त्यांना झोप नव्हती. एवढीशी जमीन एकटीच श्वास घेते, असं जगात कुठे कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी शोधनिबंधाचं नावसुद्धा ठरवलं.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे नागपूरकर कूलरच्या तोंडात डोकं घालून बसतात अशा दिवसांत, आम्ही भरदुपारी तिथे पोचलो. खांबावरचा वाडगा दिसेना. त्यावर ओलं पोतं चारपदरी घालून सुतळीने बांधलं होतं आणि डोक्याला दुपट्टा बांधून कवडू वरून मगाने पाणी ओतत होता.

“हे काय करताय?” मॅडम म्हणाल्या.

“त्याले ऊन लागून राहिलं ना, म्याडम. सत्तेचाळीस हाये आज. आपल्यासाठीच उभं हाये ते. मनलं, थोडा थंडावा.”

“कधीपासून?”

“होळीपासून. एक दिवस खाडा नाई केला.”

ओल्या पोत्यातून उपग्रहांचा संदेश नीट पोचत नाही, उंची चुकते, हे मॅडमनी त्याला हळू आवाजात सांगितलं. होळीपासूनचं एकही माप आता धरता येणार नव्हतं. त्याने पाण्याचा मग खाली ठेवला. पोतं सोडलं, पिळलं आणि नीट घडी करून देवकीच्या हातात दिलं. तिने घेतलं. मी एक विनोद तयार ठेवला होता, तो तसाच राहिला.

मॅडमनी पोतं काढल्यापासून अहवाल देईपर्यंतचे आकडे पुन्हा पुन्हा गाळून पाहिले. पंधरा-वीस दिवसांत काही ठरत नाही. जुलैच्या बैठकीत अहवाल वाचला गेला: या गावाबाबत निष्कर्ष काढण्याइतकी माहिती उपलब्ध नाही. कवडू धुतलेला सदरा घालून मागच्या रांगेत बसला होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “पुढच्या वर्षी परत अर्ज करू.”

“हो,” तो म्हणाला. मिशा खाली होत्या.

मग त्याने विचारलं, “भाऊ, छत्री लावली असती तं?”

“तरी चुकलंच असतं.”

“हो का,” म्हणाला आणि कन्हानकडे जाणाऱ्या ऑटोत बसला.

प्रकल्पाची मुदत संपली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी जाऊन यंत्र काढून आणलं. खांब तिथेच राहिला. कवडूने स्क्रू मोजून माझ्या हातात दिले, चारही. देवकीने चहा केला. भेगेवर नवीन पान नव्हतं.

स्वयंपाकघराची भिंत एकोणीस ऑगस्टला पडली. दोघं ओसरीवर होती, लागलं कुणाला नाही. यंत्र काढून तेव्हा तेरा दिवस झाले होते.