अभयची फॅमिली

अभय गायला उभा राहिला की आधी दुसऱ्याचा रुमाल मागायचा. त्याने माइक पुसायचा, तोंडातली चघळलेली लवंग त्यातच काढायचा आणि छान घडी घालून रुमाल ज्याचा त्याला परत करायचा. जयपूरमधल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या गणपतीत आमची पहिली भेट झाली ती अशी. मी पेटीवर बसले होते आणि रुमाल माझा होता. घरी येऊन घडी उघडली आणि रुमाल तसाच कचऱ्यात टाकला. आई म्हणाली, "अगं, मिलिटरीतल्या मोठ्या साहेबांचा मुलगा आहे तो." म्हणजे साहेबांच्या मुलाची लवंग आम्ही काय जपून ठेवायची होती?

गळा मात्र असा होता की सगळा राग गिळावा लागे. कॉलेजात असताना आम्ही तिघांनी बँड काढला. अभय गाणार आणि गिटार वाजवणार, मी कीबोर्डवर, आणि वडिलांच्या बँकेतल्या बदलीमुळे जयपूरला आलेला मिलिंद ड्रम्सवर. नाव ठेवलं 'लू', तिकडच्या उन्हाळ्यात भाजून काढणारा तो वारा. आदर्श नगरात आमच्या गच्चीवर सराव चाले. गाणी हिंदीत, भांडणं मराठीत. अभयचं एक वाक्य ठरलेलं होतं, "मतलब, आपण फॅमिली आहोत यार." हे ऐकलं की समजायचं, आता कुणाला तरी राबायचंय. मिलिंद एकटा ड्रम्स जिन्याने वर चढवायचा आणि हा खालून सांगायचा, "सांभाळून हं, फॅमिलीची चीज आहे."

आमची एकच कॅसेट निघाली. ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी मिलिंदला कावीळ झाली. चार दिवस थांबायचं, तर अभयने ड्रम्स मशीनवर उरकून घेतले. कॅसेटच्या कव्हरवर मिलिंदचा फोटो होता, आत त्याचा एक ठोकाही नव्हता. पुढे बँड मोडला. मिलिंद कोट्याला नोकरीला लागला, लग्न केलं, ड्रम्स विकून टाकले.

बऱ्याच वर्षांनी, म्हणजे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले होते तेव्हा, अभयचा फोन आला. नवा अल्बम करायचा, पुन्हा तिघांनी. मी टाळत होते, पण मिलिंद हरखला होता. त्याने एकच अट घातली. "या वेळी माझा हात ऐकू आला पाहिजे, अभय. वृषालीने मला फक्त स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ऐकलंय." वृषाली म्हणजे त्याची बायको. अभयने स्वतःच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

जगतपुऱ्यात अभयचा फ्लॅट होता. एका खोलीच्या भिंतींना रजया टांगून त्याने स्टुडिओ केला होता. मे महिना, खोलीत पंखा बंद, कारण पंख्याची घरघर रेकॉर्ड होते. सुट्टी मिळाली की मिलिंद कोट्याहून यायचा आणि त्या रजयांच्या भट्टीत बसून वाजवायचा. शर्ट पिळून काढावा इतका घाम. हात बसायला थोडे दिवस लागले, पण मग असा बसला की माझ्या अंगावर काटा आला. अभय बाहेरच्या खोलीत कूलरसमोर कचोरी खात असायचा. "वा, क्या हात है," म्हणायचा आणि बोटं रजईला पुसायचा. त्या रजईकडे मला बघवत नसे.

सीडी तयार झाली तेव्हा त्याने ती आम्हाला दिली नाही. म्हणाला, "सरप्राइज आहे." प्रकाशन एका कॉलेजच्या सभागृहात होतं. विंगेत उभे असताना त्याने सांगितलं, "सीडी वाजेल, आपण फक्त हात हलवायचे. मतलब, आवाज साफ येतो."

मला ते आवडलं नाही. मिलिंद मात्र म्हणाला, "चालेल की. माझंच तर आहे." वृषाली पहिल्या रांगेत बसली होती, माहेरच्या माणसांना घेऊन.

गाणं सुरू झालं. ध्रुवपदाच्या आधी मिलिंद नेहमी एक ठोका रिकामा सोडायचा. तिथे त्याने स्टिक्स वर धरल्या आणि थांबला. स्पीकरमधले ड्रम्स थांबले नाहीत, धडधडत पुढे गेले. मिलिंदने मान वळवून स्पीकरकडे पाहिलं. मग स्टिक्स खाली ठेवल्या आणि हाताची घडी घालून तो बसून राहिला.

मशीनचे ड्रम्स वाजतच होते. मागच्या रांगांत हसू फुटलं. अभयने चमकून मागे पाहिलं, त्याचा माइक कमरेपाशी आला, आणि त्याचा तो गोड गळा स्पीकरमधून गातच राहिला. मी पण कीबोर्डवरचे हात काढून घेतले. अभय दातओठ खात मिलिंदजवळ गेला. "हात हलव ना यार. फॅमिलीची इज्जत जाते आहे." मिलिंद उठला आणि स्टेजवरून उतरून थेट बाहेर पडला.

वृषाली त्याच्यामागे न जाता माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, ह्यांनी खरं वाजवलेलं असेल ना अभयकडे? सीडीत नको, काही नको. मला एकदा ऐकायचंय. तेवढं मागून आणा."

मी विंगेत गेले. अभय कुणाच्या तरी रुमालाने मान पुसत होता. मी मिलिंदचं रेकॉर्डिंग मागितलं. त्याला आधी कळेचना मी काय मागते आहे.

"ते? ते तर पुसलं," तो म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये जागाच नव्हती ज्योती. मला माझा आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा होता. मतलब, बाहेरच्या कुणाचं थोडंच पुसलं मी?"

शी! मला त्याच्याकडे बघवेना. मी बाहेर आले आणि वृषालीला खरं ते सांगितलं. अभयशी मी त्यानंतर आजवर बोललेले नाही.