हौसाबाई इथेच राहते

ठाणे जिल्ह्यातल्या मोहने गावाच्या पुढे नदीकाठी पस्तीस घरांचं आगऱ्यांचं गाव आहे. तिथल्या निम्म्याअधिक माणसांची नाकं हौसाबाईने सरळ केलेली आहेत. थट्टा नाही करत. चाळीस वर्षं गावात कुणाच्याही घरी बाळ आलं की सव्वा महिना रोज सकाळी ही तिथे हजर. पाटावर बसायचं, बाळ पायांवर घ्यायचं, तेलाने चोळायचं, नाक दोन बोटांत धरून हलकेच ओढायचं, ऊन ऊन पाणी घालायचं आणि मग बाळंतिणीला शेक द्यायचा. आज मिशीला पीळ देत फिरणारे बाप्ये समोर आले तरी ती भर रस्त्यात म्हणते, "गप रं, तुजं ढुंगान मी धुतलंय." की ते मुकाट मिशीवरचा हात खाली घेतात.

अशा बाईच्या पोटच्या पोरीचं पहिलं बाळंतपण परमुलखात व्हायची पाळी आली. दिशा तिची एकुलती एक, नवसाची. नवरा मयूर मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामाला, म्हणून तीही तिकडेच. लग्नाला सात वर्षं झाल्यावर दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत, तिकीटसुद्धा काढलेलं. पण सहाव्या महिन्यात डॉक्टरने सांगितलं, विमान नाही, जिना नाही, पडून राहायचं. पोर फोनवर रडायला लागली, "आये, मना हिकडं कोन बगंल?" हौसाबाई म्हणाली, "मी येते ना," जशी काही टिटवाळ्यालाच निघाली होती. पोरीला माहेरी येता येत नाही तर माहेरच तिकडे जाईल, त्यात काय एवढं?

झेरॉक्सच्या दुकानातला सुदेश म्हणाला, "काकी, अगोदर पासपोर्ट लागतो."

"मग काड."

सुदेशलाही तान्हेपणी न्हाऊ घातलेलं हिनेच, तो नाही कसा म्हणणार? त्याने फॉर्म भरला, तारीख घेतली आणि एका मंगळवारी एसटीने खोपटच्या स्टँडवर उतरून, पुढे रिक्षाने, तो तिला ठाण्याच्या पासपोर्ट ऑफिसात घेऊन गेला. फोटो काढणारी मुलगी म्हणाली, "आजी, हसू नका." हौसाबाई म्हणाली, "बाय, पोरीकडं चाललीय मी. हासू नको तं काय करू?" पण झालं एकदाचं काम. आता फक्त पोलीस येऊन बघून जाणार, की ही बाई दिलेल्या पत्त्यावर खरंच राहते का. मग पासपोर्ट. दिशाला तेव्हा सातवा लागला होता.

पंधरा दिवसांनी सुदेशने कम्प्युटरवर बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. पोलिसांनी कळवलं होतं, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

घ्या! जिच्याशिवाय गावातलं एक पोर न्हालं नाही, ती बाई म्हणे गावात राहत नाही.

झालं होतं असं. या गावाला एक खोड आहे, आणि ती उगाच लागलेली नाही. मागे कधीतरी फाइली घेऊन माणसं यायची, नावं विचारायची, गोड बोलून अंगठे घ्यायची, आणि मग एके दिवशी नदीकडची भातखाचरं दुसऱ्याचीच निघायची. तेव्हापासून गावाने कानाला खडा लावला. फाइलवाला अनोळखी माणूस आला आणि त्याने कुणाचं नाव घेतलं, की अख्ख्या गावाने एकमुखाने सांगायचं, "असा मानूस हितं नाय." ज्याचं नाव घेतलं तो शेजारीच उभा असला तरी! गावाला ही शिस्त लावली हौसाबाईच्या धाकट्या दिराने, धाकूने. त्याच्या बापाच्याच अंगठ्यावर जमीन गेली होती ना. तेव्हा धाकूने शपथ घेतली, जन्मात कुठल्या कागदावर सही करणार नाही. साठी आली, पण पठ्ठ्याने पाळली.

हवालदार आला त्या दिवशी हौसाबाई मोहन्यात एका बाळाच्या आंघोळीला गेलेली, फोन घरी चार्जिंगला. हवालदाराने पारावर नाव विचारलं. धाकू म्हणाला, "हितं नाय ऱ्हात." नळावरच्या बायांनी माना डोलावल्या. हवालदार आणखी दोन घरं फिरला, तिथेही तेच. तसं लिहून घेऊन तो गेला. त्याचं तरी काय चुकलं?

शेजारची मीराबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आमाना काय ठाव! आमी तं तुना वाचवाला गेलो." हौसाबाई कुणावर चिडली नाही. सुदेश म्हणाला, परत ठाण्याला जाऊ, अर्ज देऊ, पोलीस परत येतील. पण त्यात दिवस जाणार, आणि पोरीचे दिवस काही कुणासाठी थांबणार नव्हते.

संध्याकाळी ती नेहमीसारखी धाकूच्या ओटीवर ताट घेऊन गेली. त्याची बायको वारल्यापासून त्याची दोन्ही वेळची भाकरी हिच्याच हातची. ताट ठेवलं, आणि ठेवता ठेवता तिला आठवलं. याचा मुलगा विनीत कुवेतला गेला, तेव्हाही असाच हवालदार आला होता. तेव्हा यानेच त्याला हाताला धरून घरी आणलं, चहा पाजला, पोरगं सोन्यासारखं आहे म्हणून सांगितलं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमाना ठाव व्हता, तो पासपोर्टाचा पोलीस हाय म्हनून."

धाकूने भाकरीला हात लावला नाही.

"मीराबाय चुकली, बाकीच्या चुकल्या. तुमी नाय चुकलाव. तुमी मुद्दाम बोललाव."

"विनीत गेला," धाकू म्हणाला. "अकरा वर्सा जाली. दोनदा आला, तो पन पावन्यावानी. ज्यानं ज्यानं पासपोर्ट काडला तो परत आला नाय, वयनी. तू पन नातवंडात रमशील तिकडं. मंग मना कोन हाय?"

हौसाबाईचा जीव तुटला, पण त्याहून जास्त संताप आला. तिने त्याला झाप झाप झापलं. "माजी पोर तिकडं जीव मुठीत धरून पडलीय, आनि तुमाना तुमच्या भाकरीची पडलीय?" ताट तिथेच सोडून ती घरी आली आणि खूप रडली. रडताना तिला हेही कळत होतं, की भाकरीचं नाव तर त्याने काढलंच नव्हतं.

त्यानंतर ताट जायचं, पण मीराबाईच्या हातून. ठाण्याला पुन्हा खेप झाली, अर्ज दिला. आणि आठवड्याने हवालदार पुन्हा आला तेव्हा धाकू सकाळपासून रस्त्याच्या तोंडाला उभा होता. त्याने त्याला थेट हौसाबाईच्या दारात आणलं.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, इथे राहत नाही म्हणून?"

"खोटा बोललो. चूक माजी, तिची नाय."

सगळं गाव जमलं. हवालदार म्हणाला, आधीचा रिपोर्ट उलटा गेलाय, आता दोन शेजाऱ्यांचा जबाब सहीनिशी लागेल. मीराबाईने लगेच दिला. दुसऱ्या सहीला सुदेश पुढे झाला, तर धाकूने त्याला हाताने मागे सारलं.

"मी करनार."

नळावरच्या बाया हंडे टेकवून पुढे सरकल्या. पुढचं आताच सांगून टाकतो, उगाच जिवाला घोर नको. पासपोर्ट आला, व्हिसा झाला, बाळंतपणाच्या नऊ दिवस आधी हौसाबाई मस्कतला पोचली, आणि नातीला पहिली आंघोळ तिनेच घातली. पण गावात अजून सांगतात ते या सहीचं.

हवालदार लिहायला बसला. "या बाईंना किती वर्षं ओळखता?"

"पंचेचालीस. ही लगीन होऊन आली तवा मी पंधराचा. त्याच साली माजी आय गेली." धाकूने हौसाबाईकडे बोट केलं. "मना हिनंच वाडवला."

"ते नको लिहायला. इथेच राहतात ना?"

"हितंच ऱ्हाते. आनि अजून ल्हिवा, गेली तरी ती हितलीच हाय."

"काका, असं लिहीत नाहीत. त्याला रकाना नाही."

"त्याबिगर मी सही करनार नाय."

हवालदाराने हौसाबाईकडे पाहिलं. ती चौकटीला धरून उभी होती, पदर डोळ्यांना लागलेला.

"ल्हिवा, सायेब," ती म्हणाली. "खरा हाय ता."

हवालदाराने लिहिलं. धाकूने पेन घेतलं. सही कशी करायची ते त्याला आठवेना, म्हणून त्याने आपलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एकेक अक्षर जोडत लिहून काढलं.