बॉम्ब लाटणारी बाई

चारचौघांत नवऱ्याची टोपी उडवल्याशिवाय मला जेवण पचत नसे. नातवंडं म्हणतात, आजी, तू अजून तशीच आहेस. नाही रे बाबांनो, तेव्हा मी याहून आगाऊ होते. वर मूर्खही.

आम्ही मस्कतला, कुरुममध्ये राहायचो. ह्यांचं काम विचित्र. ठिणगी पडली तर कारखान्यात कुठे कुठे भडका उडेल, तेवढ्या जागा नकाशावर रेघा मारून दाखवायच्या. जिथे वायू किंवा धूळ कायम भरलेली असते ती जागा सर्वांत वाईट, कधीमधी येते ती त्याखालोखाल, चुकूनमाकून येते ती तिसरी. त्या हिशेबाने तिथले दिवे, पंखे, बटणं ठरायची. तेलाच्या टाक्यांभोवती हे अशी वर्तुळं काढत, तोवर मी गप्प होते. मग सोहारच्या एका पिठाच्या गिरणीचं काम आलं.

तिथले सुपरवायझर वसईचे. तिकडे सुट्टी शुक्रवारची; त्या दिवशी मस्कतला चर्चला आले की जेवायला आमच्याकडे. येताना मैद्याची पिशवी असायचीच. एका शुक्रवारी ह्यांनी ताटं बाजूला सारून नकाशा पसरला.

"गोण्या भरायची अख्खी खोली रेघांखाली येते. तिथले साधे पंखे काढा. आणि वर तुळयांवर साचलेलं पीठ व्हॅक्यूमने ओढून घ्या. फुंकून उडवू नका."

"साहेब, एवढा खर्च सांगितला तर अर्बाब मलाच उडवेल." तिकडे मालकाला अर्बाब म्हणत.

मी पोळी वाढत म्हटलं, "भाऊजी, पिठाचा कुठे स्फोट होतो का? म्हणजे मी इतकी वर्षं बॉम्बच लाटतेय म्हणायचं!"

भाऊजींना हसून हसून ठसका लागला. हे मुकाट उठले आणि फ्रिजच्या माथ्यावरच्या धुळीत बोटाने माझं नाव लिहिलं. "याहून जाड थर आहे तिथे. खाली लहानसा भडका झाला की तो सगळा झटकला जाणार, आणि मग मोठा."

मला राग आला तो फ्रिजवरची धूळ दाखवल्याचा. पाहुण्यांसमोर!

माझा विनोद भाऊजींनी गिरणीत नेला. पुढच्या शुक्रवारी कौतुकाने सांगितलं, "वहिनी, अर्बाबपण हसला. म्हणाला, खलास, नकाशाचं नंतर बघू." मी खूश होऊन त्यांना आणखी एक पोळी वाढली.

ईदच्या आधी गिरणी बघायला कोणी बडे पाहुणे येणार होते. सगळं चकचकीत करा, असा हुकूम सुटला. कॉम्प्रेसरची नळी लावून तुळया फुंकल्या. खोली पांढरी झाली, माणसं गुदमरली, म्हणून कोणीतरी पंखा लावला. पहिला आवाज लहान होता. भाऊजी तेव्हा बाहेर होते. आतल्या माणसांना ओढून काढायला ते धावत आत गेले. दुसरा आवाज लहान नव्हता.

इस्पितळात भाऊजींचं तोंड सोडून सगळं अंग पट्ट्यांत होतं. मी पेज नेली होती. चमचा ओठांशी नेला तर म्हणाले, "वहिनी, आज बॉम्ब नाही लाटले?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मला हसवत होते.

"लाटते की. उद्या आणते," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी डबा भरलेलाच घरी परत आला.

गिरणी पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा अर्बाबचा माणूस नकाशा मागायला आला. ह्यांनी जुनाच काढून दिला.

"साहेब, नवीन पाहिजे."

"त्यात बदलण्यासारखी एकही रेघ नाही," हे म्हणाले.

मी चहा आणून ठेवला. तोंड उघडलं होतं, पण मिटलं. त्या दिवशी तरी.