गंध लावलेला लॅपटॉप

आमच्या ऑफिसात लॅपटॉप यायच्या आधी त्याचं कपाट आलं. केंद्र सरकारचं ऑफिस, तेव्हा क्रम बरोबरच होता. कपाटाला दोन कुलपं आणि दोन किल्ल्या. किल्ल्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे, आणि त्या दोन माणसांचं एकमेकांशी बोलणं बंद. त्यामुळे पहिले तीन महिने लॅपटॉप अत्यंत सुरक्षित राहिला.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मद्रासचं चेन्नई झालं त्याच्या आगेमागेची. मी परभणीकडचा. केंद्र सरकारच्या परीक्षेने उचलून मला मद्रासच्या टोकाला, तांबरमच्या एका खोलीत आणून टाकलं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी तेव्हा कुणी न विचारता सांगायचो, आताही सांगितलंच. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. त्यांनी माझ्या पदवीच्या कागदाला चौकट करून ती देव्हाऱ्याशेजारी टांगली होती, आणि आई देवांना उदबत्ती ओवाळली की तोच हात चौकटीवरून फिरवायची. बी.एस्सी., सेकंड क्लास, आणि रोज उदबत्ती. असा माणूस नम्र कसा राहणार?

त्यात मी मांबलम स्टेशनबाहेरच्या एका जिन्यावरच्या खोलीत सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला होता. मला चार गोष्टी येत होत्या. बाकी ऑफिसला एकही येत नव्हती, म्हणून मी तज्ज्ञ. लॅपटॉप शेवटी माझ्या टेबलावर आला. ऑफिसात नवा कॉम्प्युटर विभाग निघणार होता आणि तो माझ्याकडेच येणार, हे मी धरून चाललो होतो. दिल्लीहून मोठे साहेब येणार होते, त्यांना मी लॅपटॉपवर आमच्या स्टोअरची यादी दाखवायची, मग ते मान डोलावणार, एवढंच बाकी होतं.

आमच्या सेक्शनला एक बाई अटेंडर, म्हणजे शिपाई, होती. पंचेचाळिशीची, वेस्ट मांबलमला राहणारी, तंजावरकडची मराठी. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला तिकडच्या सगळ्यांसारखं सार, म्हणजे सर, म्हणायची. अकरा वर्षं रोजंदारीवर होती. तिला कायम करण्याची फाइल त्याच दिवसांत आमच्या सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर सहीसाठी येऊन पडली होती. पुढचं सगळं त्या फाइलीचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तिची मराठी दोन-तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेली आणि परत न गेलेली. "सार, तुम्ही रेडिओसारखे बोलतां," ती म्हणायची.

"आणि तुम्ही पोथीसारख्या, अक्का."

"पोथीला लोक नमस्कार करतांत. रेडिओ बंद करतांत."

अशी आमची मैत्री.

आयुधपूजा आली. ज्याने पोट भरतं त्या हत्याराची त्या दिवशी पूजा. दुपारपर्यंत ऑफिस झाडूनपुसून लख्ख. टाइपरायटर, स्टेपलर, शिक्के, वॉचमनची सायकल, साहेबांची जीप, सगळ्यांना गंध-कुंकू. हिशेबाप्रमाणे लॅपटॉपही मांडला गेला. मी सकाळपासून त्याच्यावर काम करत होतो. सुपरिंटेंडेंट पूजेसाठी लवकर आले तसं मी ते घाईघाईने आवरलं, मशीन बंद केलं आणि अक्काच्या हवाली केलं. तिने झाकणावर ओल्या चंदनाचं एक बोट ओढलं, मध्ये कुंकू टेकवलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी हसून म्हणालो, "अक्का, यंत्राला गंध लावून ते जास्त चालणार आहे का?" स्वतःच्या पदवीला आयुष्यभर उदबत्ती ओवाळून घेतलेला मी, हे विचारत होतो.

"न चालो. पण रुसूं नये," ती म्हणाली.

दसऱ्याची सुट्टी आणि शनिवार-रविवार गेले. सोमवारी मी झाकणावरचं वाळलेलं चंदन नखाने खरवडलं, मशीन उघडलं, बटण दाबलं. कडेला हिरवा दिवा लागला. पडदा काळा.

मी थांबलो. काळा. बंद करून परत लावलं. काळा.

मग मी तज्ज्ञाला शोभेल असं सगळं केलं. प्लग काढून दुसऱ्या भोकात लावला. वायरमनचा टेस्टर आणून वीज येते का पाहिलं. येत होती. बॅटरी काढली, शर्टाला पुसली, परत बसवली. मशीन उलटं करून हलवलं. फटीत फुंकर मारली. बाजूला चार टाइपरायटर खडखडत होते, वर तीन पंखे, खिडकीत सुपरिंटेंडेंटचा कूलर ट्रॅक्टरसारखा चाललेला, आणि माझ्याभोवती अर्धं ऑफिस उभं राहून सल्ले देत होतं. एकाने कार्बन पेपर लावून बघायला सांगितलं. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं होतं त्यांना फोन केला. त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. दिल्लीचे साहेब गुरुवारी येणार होते.

मंगळवारी मी निदान केलं. चंदन ओलं होतं. ओल आत गेली. म्हणजे वाळवलं पाहिजे. गच्चीवर वॉचमनच्या बायकोने तांदळाचे वडाम, म्हणजे आपले सांडगे, वाळत घातले होते. त्यांच्याशेजारी पेपर पसरून लॅपटॉप उघडा ठेवला. कावळे वडामांसाठी येतात, मशीनवर बसू नयेत म्हणून राखणीला कोणाला बसवलं? अक्कालाच. जिच्यावर आळ, तीच छत्री घेऊन दोन तास कावळे हाकत बसली होती.

खाली सुपरिंटेंडेंटने मला बोलावलं. ते इंग्रजीत बोलायचे, मी मराठीत लिहितोय.

"कारण काय?"

"ओल आत गेली, सार. चंदनाची."

"चंदन कोणी लावलं?"

"अटेंडरने."

"लेखी द्या. जबाबदारी निश्चित झाली पाहिजे. गुरुवारी मला विचारलं तर माझ्याकडे कागद हवा."

मला म्हणायला काय हरकत होती की सार, नक्की कळलेलं नाही? मोठी हरकत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं लेखी तांत्रिक मत मागितलं होतं. मी डिक्शनरी उघडून ओल आत शिरण्यासाठी एक भारदस्त शब्द शोधला, पानभर रिपोर्ट स्वतः टाइप केला, खाली सही केली आणि सहीखाली बी.एस्सी. लिहिलं. तो कागद सुपरिंटेंडेंटने घेतला आणि समोरच्या एका फाइलीत ठेवला. फाइल कुणाची, ते मला दिसलं. दिसूनही मी बाहेर आलो आणि रिपोर्टची कार्बन कॉपी दोनदा वाचली. इंग्रजी चांगलं झालं होतं.

संध्याकाळपर्यंत तिला कळलंच. ऑफिसात भिंतींना कान कशाला हवेत, हेडक्लार्क होता.

"सार, मी एक बोट लावलें. एका बोटानें एवढें यंत्र मरतें?"

मी तिला समजावलं. वीज म्हणजे काय, ओल म्हणजे काय, दोन्ही भेटल्या की काय होतं. क्लासच्या मास्तरांपेक्षा बरं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझे सासरे तंजावरास होते तेव्हांपासून आम्ही सर्वांस गंध लावतों. शिवणाच्या यंत्रास, जात्यास. कोणी मेलें नाहीं." आणि छत्री कोपऱ्यात ठेवून घरी गेली. रोज "जाऊन येतें" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर होते. मी उगाच पुन्हा बटण दाबून बसलो होतो. पडदा काळा. अक्का ग्लास गोळा करत होती.

आणि लाइट गेली.

पंखे थांबले. कूलर थांबला. टाइपरायटर आधीच थांबले होते. इतकी शांतता त्या ऑफिसात मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत माझ्यासमोर काहीतरी कुरकुरत होतं, बारीक, एकसारखं, आत कुणीतरी सुपारी कातरत असल्यासारखं. अख्ख्या इमारतीची वीज गेली होती आणि मेलेला लॅपटॉप मजेत चालू होता. बॅटरी भरलेली, मशीन ठणठणीत. बंद होता तो फक्त पडद्याचा उजेड.

मला घाम फुटला. पंखा बंद होता म्हणून नव्हे.

पडद्याच्या कडेला उजेड कमी-जास्त करायचं एक सरकवायचं बटण होतं. पूजेच्या सकाळी मी जे काम करत होतो ते म्हणजे पत्ते. मशीनमध्ये पत्त्यांचा खेळ होता आणि मी महिनाभर त्यात प्रावीण्य मिळवत होतो. सुपरिंटेंडेंटची पावलं ऐकू आली की खेळ बंद करायला वेळ लागायचा, म्हणून अंगठ्याने ते बटण तळाशी ओढायचं, पडदा काळा, चेहरा गंभीर. ही युक्ती माझी स्वतःची होती. त्या सकाळी ओढलं, मशीन बंद केलं आणि बटण विसरलो.

मी अंगठा टेकवला आणि वर सरकवला. पडदा उजळला. कोपऱ्यात कर्सरची छोटी रेघ उघडझाप करत होती.

"सुरू झालें की, सार!" अक्का ग्लास ठेवून धावत आली. "उन्हानें बरें झालें?"

बघा, सुटकेचा रस्ता तिनेच हातात आणून दिला. मी म्हणालो, "हं."

लाइट आली, लोक आले, कौतुक सुरू झालं. गच्चीवर वाळवायची कल्पना किती अचाट, हे जो तो दुसऱ्याला सांगू लागला. सुपरिंटेंडेंट स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "म्हणजे तुमचा रिपोर्ट अचूक होता. ओल होती, उन्हाने गेली. व्हेरी गुड." त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली. ती अक्कानेच आणली. मग ते हेडक्लार्कला म्हणाले, "अटेंडरच्या नावाचा मेमो आजच टाइप करा. आणि तिची फाइल सध्या सहीशिवाय परत पाठवा."

मी कॉफी प्यायलो. सगळी प्यायलो, खोटं कशाला सांगू. मी स्पष्टवक्ता म्हणून प्रसिद्ध होतो. लोकांच्या तोंडावर त्यांच्या चुका सांगायला मी कधी कचरलो नव्हतो. स्वतःच्या बाबतीत त्या स्पष्टपणाला पेलाभर कॉफीएवढा वेळ लागला. हेडक्लार्कने टाइपरायटरमध्ये कागद घातला तो आवाज ऐकून मी उठलो.

"सार, माझा रिपोर्ट मागे घ्यायचाय."

"का?"

"ओल नव्हती. मशीन चालूच होतं. पडद्याचा उजेड कमी केलेला होता."

"कोणी?"

"मी."

"केव्हा?"

"पूजेच्या सकाळी. तुम्ही येत होतात तेव्हा."

"मी येत असताना उजेड कशाला कमी करायचा?"

आता यावर भारदस्त शब्द कुठल्या डिक्शनरीत सापडणार? "पत्ते खेळत होतो, सार."

सुपरिंटेंडेंटने चष्मा काढला, पुसला, घातला. मग विचारलं, "जिंकत होतात?"

"नाही, सार."

"दुसरा रिपोर्ट टाइप करा. सगळं लिहा. आणि सहीखाली ते बी.एस्सी. लिहू नका."

मी लिहिलं. त्याला डिक्शनरी लागली नाही. मेमो निघाला, तो माझ्या नावाने. कॉम्प्युटर विभाग कार्बन पेपर लावायला सांगणाऱ्या गृहस्थांकडे गेला. गुरुवारी दिल्लीचे साहेब आले, लॅपटॉपकडे उभ्या उभ्या पाहिलं, "छान, छान" म्हणाले आणि मैलापूरला चांगली कॉफी कुठे मिळते ते विचारून निघून गेले.

संध्याकाळी मी अक्काला गाठून सांगितलं. "दोष माझा होता. तुमची फाइल सही होऊन वर गेली."

"पत्ते मला ठाऊक होते, सार. महिनाभर पाहतें. तें बटण तेवढें ठाऊक नव्हतें."

"मग पत्त्यांचं कुणाला सांगितलं का नाहीत?"

"मी कशाला सांगूं? तुम्ही शिकलेले. लिहितांत तर पाहून लिहितांत असें वाटलें." मग पिशवी उचलली. "जाऊन येतें."

दोन-तीन महिन्यांनी ती कायम झाली. पेढे वाटले, मलाही दिला, इतरांएवढाच.

पुढच्या आयुधपूजेला परत सगळं मांडलं. टाइपरायटर, शिक्के, लॅपटॉप. चंदनाची वाटी घेऊन अक्का एकेकाला बोट लावत माझ्यापाशी आली. मी मुकाट्याने लॅपटॉप पुढे केला. तिने तो बाजूला सरकवला आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"हें हत्यार आधीं," म्हणाली.

टोपणावर चंदन, चंदनावर कुंकू, वर झेंडूची पाकळी. पूजेत ठेवलेल्या हत्याराला पूजा उठेपर्यंत हात लावायचा नसतो. त्या दिवशी घरी जाताना हजेरीवर सही करायला मी सुपरिंटेंडेंटकडे पेन मागितलं. त्यांनी दिलं, आणि मी नीट सही करतोय ना, ते उभं राहून पाहिलं.