फोटोत न टिकणारा ‘आहे’

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध, घरात साधा देव्हारा नाही, मग भुतं कुठली? त्यात मी नगरला बी.एस्सी. कॉम्प्युटरला. म्हणून हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं... शेवटी लिहितोच.

गोष्ट गेल्या वर्षीची. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. प्रोजेक्टचा विषय होता — कॉम्प्युटरवरच्या फोटोत गुप्त मजकूर लपवणं. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाचे आकडे. त्या आकड्यांत एकाचा फरक केला तर डोळ्यांना कळत नाही. त्या फरकांत अक्षरं दडवायची आणि दुसऱ्या प्रोग्रॅमनं ती परत काढायची.

फोटो आईचा घेतला. ऊसतोडीला कोपरगावकडे गेली असताना तिथल्या स्टुडिओत काढलेला. फोटोवाला ‘हसा’ म्हणाला, ती ‘हसतीय की’ म्हणत असतानाच त्यानं बटण दाबलं, म्हणून तोंड अर्धवट उघडं.

“कॉलेजात माजा फोटू समद्यास्नी दिसल व्हय रं?” तिनं विचारलं होतं.

“दिसल की. परीक्षेलाच दावतो,” मी शब्द दिला.

पहिला मजकूर टाईप केला — AAI MI PASS HONAR AAHE. बाहेर आला — AAI MI PASS HONAR HAY.

माझा पार्टनर सचिन खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. “हाय हाय काय? मोर्चा काढलास का?” मी जामखेडकडचा, बोलण्यात ‘हाय’ यायचं; पहिल्या वर्षापासून तो मला यावरून छळायचा. म्हणून ‘आहे’ म्हणायची सवय मी जिभेला मुद्दाम लावली होती.

“अरे, मी ‘आहे’च टाईप केलं.”

“मग काय, कॉम्प्युटर जामखेडचा हाय?”

त्यानं स्वतः टाईप केलं. पुन्हा HAY. आता तो हसला नाही.

प्रोग्रॅममध्ये चूक असती तर वेडीवाकडी अक्षरं आली असती. इथं मजकूर बरोबर एका अक्षरानं आखूड होऊन येत होता! गुलाबाच्या फोटोत AAHE नीट राहायचं, सचिनच्या मोटरसायकलच्या फोटोतही. आईच्या फोटोत नाही. दुसरं मशीन, नवी फ्लॉपी, पुन्हा स्कॅन... तेच.

परीक्षेत लपवलेलं आणि काढलेलं जुळलं नाही, तर नापास.

“गुलाब लाव ना बाबा,” सचिन म्हणाला. “माझंही वर्ष जाईल.”

“फोटो आईचाच लागेल. बिघडलं तर चूक माझी म्हणून सांगतो.”

परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले, “टाका एखादं वाक्य.” मी ठरवलं, आणि घरी बोलतो तसंच टाईप केलं — AAI MI PASS HONAR HAY. बाहेर आलं तेही अक्षरन्अक्षर तसंच.

“हे शेवटचं स्पेलिंग चुकलं का?” सरांनी विचारलं.

“नाही सर. आमच्याकडं तसंच म्हणतात.”

“आणि या बाई कोण?”

“माझी आई हाय, सर.”

सचिननं मान खाली घातली. सर फोटोकडे बघून म्हणाले, “छान आहे.”

आम्ही दोघंही पास झालो. त्यानंतर प्रोग्रॅमची ओळ न् ओळ मी तपासली. त्यात शब्द ओळखणारं काहीच नाही. त्याला फक्त शून्य आणि एक कळतात. तरी आईच्या फोटोत ‘आहे’ लपवला, की आजही ‘हाय’च बाहेर येतो. का, ते मला माहीत नाही. कारण सापडेपर्यंत शोधणारच... फोटो मात्र बदलणार नाही.