चव्वेचाळीस हिरवे दिवस

ऑफिसात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे शंकाबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट ज्यावर घेतात ते सॉफ्टवेअर तिची कंपनी बनवायची, आणि त्यातल्या चुका हुडकणं हे तिचं काम. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. अशा बाईचं कौतुक कोण करणार?

हाताने तपासायचे दिवस कधीच सरले होते. तिने लिहिलेल्या चारशे बारा चाचण्या रोज सकाळी आपल्या आपण चालत. ब्राउझर स्वतःच उघडायचा, नाव भरायचा, तारीख निवडायचा, बटण दाबायचा. पाहणाऱ्याला वाटावं, भुताटकी आहे. सगळं ठीक असलं की हिरवं, बिनसलं की लाल. ब्राउझरला असं नाचवायला एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि दोघांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. घोडं पेंड खायचं ते इथेच. ब्राउझर दर महिन्याला कुणाला न विचारता स्वतःला अपडेट करून घ्यायचा, ड्रायव्हर मागे राहायचा, आणि सकाळी चारशे बाराच्या चारशे बारा लाल.

मॅनेजर चहाचा कप घेऊन तसाच धावत यायचा.

"ताई, काल तर सगळं चालत होतं."

"आजही चालतंय. तपासणारा आजारी पडलाय, तपासायचं ते नाही."

"हे मी वर कसं सांगू?"

माणूस वाईट नव्हता. तिच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि वरच्यांची बोलणी खाऊन खाऊन वाकलेला. पण एकदा तो बोलून गेला, "हे लाल दिवे बंद झाले पाहिजेत. तुमचं कंत्राट संपत आलंय. मला तुमच्या बाजूने काहीतरी दाखवता यायला हवं."

सहा वर्षं ती सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर होती. दर वेळी सही होईपर्यंत घास नीट उतरायचा नाही. मग पुष्कळ जण करतात तेच तिने केलं. कोपऱ्यातला एक संगणक वेगळा काढला, त्यावर ब्राउझरचे अपडेट बंद केले आणि जुळलेली जोडी तशीच बांधून ठेवली. ऑफिसने त्या संगणकाचं नाव ठेवलं आजोबा. नवं काही शिकायचं नाही आणि सकाळचं वेळापत्रक चुकवायचं नाही.

"काय म्हणतात आजोबा?"

"बरे आहेत."

रोज हिरवं. मॅनेजरने भिंतीवर तक्ता लावला. चव्वेचाळीस दिवस झाले तेव्हा म्हणाला, "शुक्रवारी तुमचे कायमच्या नोकरीचे कागद येताहेत. बोललोय मी."

घरी ती आणि तिची मावशी, दोघीच. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे सोडले तर बाकी सगळी धडधाकट. बुधवारी संध्याकाळी मावशी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून बसली होती.

"तुमचं बटण दाबलं जात नाही गं."

"तारीख निवडलीस का आधी?" ती भाजी निवडत होती, मानही वर केली नाही.

"चारदा निवडली. त्या डॉक्टरची भेट मिळेपर्यंत गुडघाच नवा उगवेल."

"नीट दाब. जोर नको, नेमकं दाब."

"एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बटणंच दाबली मी. तू मला दाबायला शिकवू नकोस."

ती हात पुसत उठली. स्वतः तारीख निवडली. बटण राखाडीच. पुन्हा निवडली. राखाडीच. मग ब्राउझरची आवृत्ती पाहिली आणि खुर्चीत बसली. मावशीचा ब्राउझर आजोबांच्या दोन आवृत्त्या पुढे होता. नव्या आवृत्तीत बटण अडत होतं आणि आजोबांना ते दिसतच नव्हतं.

गेल्या तीन आठवड्यांत तक्रारी आल्या होत्या. बटण चालत नाही, तारीख घेत नाही. प्रत्येक वेळी तिने आजोबांवर तपासून पाहिलं होतं आणि प्रत्येकाला एकच उत्तर धाडलं होतं: आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. खाली तिचं नाव.

"एकोणीस," ती म्हणाली.

"काय एकोणीस?"

"एकोणीस जणांना मी हेच सांगितलंय. नीट दाबा म्हणून."

"म्हणजे मला येत होतं."

"येत होतं. चुकलं माझं."

"मी पडले घरची. माझ्याशी गोड बोललीस की झालं," मावशी म्हणाली. "त्यांचं काय?"

शुक्रवारी सही होऊ द्यावी आणि सोमवारी हे 'सापडावं' असं तिच्या मनात आलं. आलं नाही असं सांगणं खोटं ठरेल. चांगलं दोन वेळा आलं, भाजीला फोडणी देताना आणि भांडी घासताना. पण तोवर गुरुवार-शुक्रवार आणखी किती जण बटण दाबत बसतील, तेही लगोलग यायचं.

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी पोहोचली आणि आजोबांचे अपडेट सुरू केले. नवा ड्रायव्हर बसवला, चाचण्या चालवल्या. एकतीस लाल. हे लाल मात्र खरं होतं.

मॅनेजर कप हातात धरून पडद्याकडे बघत राहिला.

"आजोबांना काय झालं?"

"डोळे उघडले त्यांचे. तीन आठवडे कित्येकांना भेटीची वेळ घेता येत नाहीये. मी तक्रारी परत धाडल्या."

त्याने कप टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "हे येत्या सोमवारी नसतं का कळलं तुम्हाला?"

"कालच कळलं होतं."

दुपारपर्यंत प्रोग्रामरने दुरुस्ती केली. तिने नवा नियम लिहून लावला: आजोबांशेजारी दुसरा संगणक, अपडेट मोकळे सोडलेला, तो रोज सगळा लाल झाला तरी चालेल, पण दोन्ही संगणकांना विचारल्याशिवाय तक्रार परत जायची नाही. भिंतीवरचा तक्ता तिने स्वतःच उतरवला.

शुक्रवारी कागद आले, ते सहा महिन्यांचेच. "मी बोललो होतो, पण..." मॅनेजर म्हणाला. "माहीत आहे," ती म्हणाली आणि सही केली. बरं वाटलं असं नाही. सहा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट हातातून गेली होती.

मग तिने तक्रारींची यादी पुढे ओढली आणि फोन लावायला घेतले. अकरावे एक वयस्क गृहस्थ होते.

"तुम्ही बरोबरच करत होता," ती म्हणाली. "चूक आमची होती."



"थांबा हं, ठेवू नका," ते म्हणाले. "मुलाला बोलावतो. हेच जरा त्यालाही सांगा."