पावण्यांची भाकरी

वनिताचं माहेर भाटघरचं. आईच्या चुलीपुढं फतकल मारून बसायचं आणि तव्यावरची नाचणीची भाकरी नीट शेकायच्या आत तिचा पापुद्रा ओढायचा, हा तिचा लहानपणीचा उद्योग. लग्न होऊन ती वेल्ह्याला आली, तोरण्याच्या पायथ्याशी. गडावरून उतरणारी पुण्याची माणसं दारात जेवण विचारत. तिच्या नवऱ्यानं, कुमारनं, अंगणावर पत्रा टाकला, ‘गावरान जेवण’ अशी पाटी लावली आणि वनिताच्या हातचं पिठलं, ठेचा, भाकरी विकायला सुरुवात केली.

लोक तिच्या भाकरी थापण्याचे फोटो काढत. ‘मावशी, नशीबवान हो तुम्ही, रोज असं खाता,’ म्हणत. वनिता नुसती हसायची. उतारावरच्या वावरातली नाचणी आता सगळी पत्र्याखालच्या ताटांतच जात होती. लेक शेफाली चुलीकडं आली, की वनिता तिला लांब सारायची. ‘हात लावू नको, ती पावण्यांची हाय. नूडल्स उकळून घे जा.’

पोरीला नूडल्स आवडत, आईला उसंत मिळे. शेजारणींना वनिता कौतुकानं सांगायची, ‘आमची शेफाली लई शानी. खायाला कदी अडून बसत न्हाई.’

नववीत असताना शेफाली शाळेत प्रार्थनेला उभी होती ती चक्कर येऊन पडली. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. अंगात रक्त कमी होतं. काय खातेस विचारल्यावर पोरीनं सगळं सांगितलं. चहा-बिस्किट, नूडल्स, वेफर.

‘तुमचा व्यवसाय काय?’ बाईंनी कुमारला विचारलं.

‘जेवण देतो जी आमी. गावरान.’

बाई लिहायच्या थांबल्या. ‘मग हिलाही वाढा की.’



रविवारी वनितानं तव्यावरची पहिलीच भाकरी शेफालीच्या ताटात टाकली. वर लोण्याचा गोळा, बाजूला माठाची भाजी. आणि समोर बसून राहिली.

शेफालीनं एक घास चावला. बराच वेळ चावला.

‘मातीसारकं लागतंय.’

‘नाचणी हाय ती. भाजीसंगं खा.’

‘घशाखाली उतरत न्हाई गं.’

कुमार दारातून डोकावला. ‘अगं, माणसं ताटावर बसल्यात. हिला काय भरवत बसली? कुक्कुलं बाळ हाय का?’

‘बसू दे त्यांना.’

आपल्या आईनं आपल्याला ही भाकरी खायला कशी शिकवली, हे वनिता आठवून पाहत होती. शिकवल्याचं काही आठवेना. शेफालीनं दुसरा घास पाण्याबरोबर गोळीसारखा गिळला.

‘जा तू,’ ती म्हणाली. ‘खोळंबल्यात ते. मी खाते.’

वनिता उठली. पत्र्याखाली बापाच्या मांडीला टेकून एक छोटी मुलगी भाकरी कुसकरून पिठल्यात कालवत होती. तिनं आणखी मागितली. वनितानं वाढली.

ती आत आली तेव्हा शेफालीच्या ताटावर दुसरं ताट झाकलेलं होतं. गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होतं. आईला पाहून पोरगी ओशाळली.

‘सांच्याला खाईन, आई. खरंच.’

तिच्या हातातलं नूडल्सचं पाकीट वनितानं काढून घेतलं नाही. तिनं झाकण काढलं आणि निवलेली भाकरी पुढ्यात ओढून ती स्वतःच खायला बसली.